नवा कॉम्प्युटर, जुना गेम: सेव्ह फाइल शोधायची कशी?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ताईच्या लॅपटॉपवर विंडोज ११ काही चढेना, म्हणून तिने दिवाळीत नवा घेतला. आठवड्याभरात तिचा फोन. बँकेचे कागद, फोटो, सगळं आलंय म्हणाली. मग जरा आवाज खाली करून, "अरे, माझं ते मोस्ट वाँटेड परत मिळेल का रे? मी ब्लॅकलिस्टमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत पोचले होते."

मोस्ट वाँटेड म्हणजे नीड फॉर स्पीड मालिकेतला गाड्यांच्या शर्यतीचा गेम, ब्लॅकलिस्ट ही त्यातल्या हरवायच्या प्रतिस्पर्ध्यांची यादी, आणि सेव्ह म्हणजे आपण कुठवर पोचलो ते गेमने लिहून ठेवलेली फाइल. ही गोष्ट २००७ ची. तो सेव्ह तिच्या आधीच्या लॅपटॉपवरही नव्हता. तो होता साताऱ्याच्या घरी माळ्यावर, २००४ साली असेंबल करून घेतलेल्या डेस्कटॉपच्या पोटात. मिळाला. त्या निमित्ताने जी खटपट केली ती इथे नीट लिहून ठेवतो. इथलं सगळं विंडोजबद्दल आहे. आणि एक सांगून ठेवतो: फोल्डरची, फाइलची नावं मी इथे देवनागरीत लिहिली असली तरी कॉम्प्युटरवर ती इंग्रजीतच दिसतील आणि इंग्रजीतच टाइप करायची आहेत.

गेम एकीकडे, सेव्ह दुसरीकडे

आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनला सी, डी, ई असे भाग पाडून द्यायची पद्धत होती. गेम डीमध्ये टाकायचे. मशीन स्लो झालं की दुकानातला पोरगा यायचा, "सीमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" विचारायचा, आपण "नाही, सगळं डीमध्ये आहे" म्हणायचो आणि तो सी फॉरमॅट मारायचा. २००५ मध्ये आमच्याकडेही हेच झालं. डीमधलं व्हाइस सिटीचं फोल्डर जसंच्या तसं राहिलं, पण गेम उघडला तर आठही स्लॉट रिकामे. तेव्हा वाटलं, व्हायरसने खाल्ले. खरं म्हणजे ते सेव्ह डीमध्ये कधी नव्हतेच. व्हाइस सिटी आपले सेव्ह माय डॉक्युमेंट्समध्ये, 'जीटीए व्हाइस सिटी युजर फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि माय डॉक्युमेंट्स सीमध्ये असतं. त्याच फॉरमॅटमधून माझं एज ऑफ एम्पायर्स २ मात्र सहीसलामत सुटलं, कारण तो गेम १९९९ चा. तो आपल्याच फोल्डरमधल्या 'सेव्हगेम' या फोल्डरात लिहितो, आणि ते डीमध्ये होतं.

म्हणून शोध सुरू करण्याआधी दोन गोष्टी आठवा. गेम कुठल्या काळातला? आणि त्या मशीनवर तेव्हा कुठलं विंडोज होतं? निम्मं उत्तर इथेच मिळतं.

डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळातले गेम सरळ होते, जिथे गेम तिथेच सेव्ह. प्रिन्स ऑफ पर्शियात कंट्रोल आणि जी दाबलं की गेमच्याच फोल्डरमध्ये 'प्रिन्स डॉट सॅव्ह' ही एकुलती एक फाइल तयार व्हायची. ती उचलून नव्या मशीनवर डॉसबॉक्समधल्या (डॉसचे जुने गेम चालवणारा प्रोग्राम) गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि कंट्रोल-एल दाबायचं. झालं काम. १९९५ ते २००२-०३ पर्यंतचे बरेच विंडोज गेमही असेच वागतात. मॅक्स पेन पहिला घ्या, त्याचं 'सेव्हगेम्स' फोल्डर गेमच्या आतच. दुसऱ्या भागापासून ते डॉक्युमेंट्समध्ये गेलं. प्रोजेक्ट आयजीआयवाल्यांना सांगायला नकोच, त्या गेममध्ये मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नव्हती. तिसऱ्या टॉवरवर गोळी लागली की पुन्हा कुंपणापासून सुरुवात.

व्हिस्टाने घातलेला घोळ

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण 'सेव्ह गायब झाला' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण इथेच फसलेले असतात.

विंडोज एक्सपीवर आपण सगळेच ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेले युजर, असायचो, त्यामुळे गेमला प्रोग्राम फाइल्समध्ये (सीमधलं प्रोग्राम टाकायचं नेहमीचं फोल्डर) हवं ते लिहिता यायचं. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने ते बंद केलं. पण जुन्या गेमना हे कुठे माहीत? ते प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला जायचे. मग विंडोजने एक युक्ती केली. गेमला 'हो, लिहिलं' म्हणून सांगायचं आणि फाइल गुपचूप दुसरीकडे नेऊन ठेवायची. ती जागा म्हणजे व्हर्च्युअल स्टोअर. पत्ता असा: युजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअल स्टोअर. आत पुन्हा प्रोग्राम फाइल्स नावाचं फोल्डर आणि त्यात गेमचं फोल्डर. म्हणजे तुम्ही खऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये गेमचं फोल्डर उघडता, आत सेव्ह नाहीत. गेम चालू करता, सेव्ह दिसतात! भुताटकी नाही, गेमला विंडोज दोन्ही फोल्डर एकत्र करून दाखवतं.

व्हिस्टा किंवा विंडोज ७ वर तुम्ही एखादा जुना गेम सी ड्राइव्हमध्ये टाकून खेळला असाल, तर सगळ्यात आधी हे फोल्डर उघडा. डी-मधल्या 'गेम्स' फोल्डरमध्ये टाकलेल्यांना हा त्रास नाही, ही युक्ती प्रोग्राम फाइल्ससारख्या जपलेल्या फोल्डरांपुरतीच असते. नव्या मशीनवर जुना गेम टाकताना मी अजूनही प्रोग्राम फाइल्स टाळतो, सरळ सीमध्ये 'गेम्स' फोल्डर करतो.

व्हिस्टापासून दुसरा बदल पत्त्याचा. एक्सपीत तुमचं घर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये असायचं, नंतर ते 'युजर्स'मध्ये गेलं. जुन्या प्रोग्रामांची गैरसोय नको म्हणून नव्या विंडोजमध्येही 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या नावाची एक पाटी ठेवली आहे. लपलेल्या फाइल दाखवायला सांगितल्या की ती दिसते, आणि क्लिक केलं की 'ॲक्सेस डिनाइड'. ती पाटीच आहे, मागे खोली नाही. तिच्याशी झटापट करून परवानग्या बदलत बसू नका.

जुनी डिस्क जोडताना

जुनं मशीन चालू होत असेल तर प्रश्न नाही, पेन ड्राइव्ह लावा आणि कॉपी करा. नसेल तर हार्ड डिस्क काढून नव्याला जोडायची. साधारण २००५ च्या आधीच्या डिस्कला मागे ४० पिनांची रुंद पट्टी असते, ती आयडीई. त्यानंतरच्यांना एल आकाराची अरुंद खाच, ती साटा. दोन्ही चालणारा यूएसबी ॲडॉप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. घेताना एवढंच बघा की त्यासोबत पॉवरचा वेगळा अडॅप्टर आहे. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत. लॅपटॉपच्या अडीच इंची साटा डिस्कचं काम नुसत्या यूएसबीवर भागतं. आयडीई डिस्क दिसतच नसेल तर मागचा छोटा जंपर (पिनांवर बसणारी टोपी) 'मास्टर'वर लावून पाहा. आमची ८० जीबीची डिस्क त्याशिवाय उठलीच नाही.

डिस्क जोडल्यावर विंडोजने 'वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असं म्हटलं तर कॅन्सल. काहीही झालं तरी कॅन्सल. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पुन:पुन्हा चालू-बंद करू नका. तिच्यात लग्नाचे फोटोही असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपची डिस्क असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) ४८ आकडी किल्ली मागितली जाईल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते, तिथे लॉगिन करून बघा.

जुना सी आता सी म्हणून दिसणार नाही, ई किंवा एफ म्हणून दिसेल. त्यात जाऊन तुमच्या नावाचं फोल्डर शोधा. तुमचं नाव असेलच असं नाही. दुकानदाराने विंडोज टाकलं असेल तर 'ॲडमिन', 'युजर', 'ओनर' असलं काहीतरी असतं. आमच्याकडे 'ॲडमिन'च होतं. क्लिक केल्यावर परवानगी नाही असं म्हणेल, 'कंटिन्यू' दाबा आणि चहा करून या, वेळ लागतो. उघडलं की ते अख्खं फोल्डर नव्या मशीनवर कॉपी करा. डीमध्ये गेमचं फोल्डर असेल तर तेही. पुढचा सगळा शोध या कॉपीत करायचा. वीस वर्षांच्या डिस्कवर तासन्‌तास शोध घेणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जिना चढ-उतर करायला लावणं.

डिस्क न बदलता त्याच मशीनवर नवं विंडोज टाकलं असेल तर आधी सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर आहे का बघा. जुनं घर त्याच्या आत असतं. विंडोज १० आणि ११ मध्ये ते साधारण १० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून आजच बघा, शनिवार-रविवारची वाट पाहू नका.

खोटा सेव्ह करा, त्याचा माग काढा

आता माझी आवडती युक्ती. गेम सेव्ह कुठे ठेवतो हे इंटरनेटवर शोधता येतं. पीसी गेमिंग विकीवर जवळजवळ प्रत्येक गेमच्या पानावर सेव्हची जागा दिलेली असते आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते. पण जुन्या गेमच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघतात. त्यापेक्षा गेमलाच विचारावं.

नव्या मशीनवर गेम टाका. त्या काळातल्या अनेक सीड्यांवर सेफडिस्क नावाचं, कॉपी रोखणारं कुलूप असायचं, ते विंडोज १० पासून उघडत नाही. त्यामुळे गेम चालू करणं हीच कधीकधी वेगळी लढाई असते, तिच्यात आज शिरत नाही. गेम चालला असं धरू. नवं प्रोफाइल उघडा, नाव विचित्र द्या, उदाहरणार्थ 'झेडझेडझेड'. पहिल्या संधीला सेव्ह करा आणि बाहेर पडा.

आता तुम्हाला नक्की माहीत आहे की गेल्या दोन मिनिटांत या कॉम्प्युटरवर कुठेतरी एक फाइल लिहिली गेली. ती शोधायला 'एव्हरीथिंग' नावाचा फुकट प्रोग्राम घ्या. तो अख्ख्या डिस्कवरच्या फाइलींची यादी काही सेकंदांत मांडतो. यादी 'डेट मॉडिफाइड'प्रमाणे लावा, सगळ्यात नवी वर. विंडोजच्या स्वतःच्या बारीकसारीक फाइलींची गर्दी असेल, पण गेमचं नाव डोळ्यांत भरतंच. ताईच्या मशीनवर 'झेडझेडझेड' शोधलं आणि लगेच उत्तर आलं: डॉक्युमेंट्समध्ये 'एनएफएस मोस्ट वाँटेड', त्यात झेडझेडझेड नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत झेडझेडझेड नावाचीच फाइल, मागे कुठलंही एक्स्टेन्शन (नावानंतर टिंब देऊन येणारी अक्षरं) नाही.

मग जुन्या कॉपीत तोच पत्ता, फक्त 'युजर्स'च्या जागी 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' आणि 'डॉक्युमेंट्स'च्या जागी 'माय डॉक्युमेंट्स'. ॲडमिन, माय डॉक्युमेंट्स, एनएफएस मोस्ट वाँटेड. आत दोन फोल्डर: एक माझ्या नावाचं, दुसरं 'टीएआय'. तारीख मे २००७, तिच्या सुट्टीतली.

इथे लोक एक चूक हमखास करतात. रनच्या चौकटीत, म्हणजे विंडोजची कळ आणि आर दाबून जी उघडते तिच्यात, टक्क्यांच्या चिन्हांमध्ये ॲपडेटा किंवा लोकलॲपडेटा लिहिलं की थेट ते फोल्डर उघडतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ते नव्या मशीनचं फोल्डर असतं, जुन्या डिस्कचं नव्हे. तिथे काही सापडलं नाही म्हणून निराश होऊ नका, जुन्या डिस्कवर हाताने वाट चालावी लागते. ॲपडेटा आणि प्रोग्रामडेटा दोन्ही लपलेली असतात. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो', त्यात 'हिडन आयटम्स'वर खूण करा. शेजारीच 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आहे, त्यावरही करा. एक्सपीच्या डिस्कवर ॲपडेटा नावाचं फोल्डर मिळणारच नाही. तिथे त्याला 'ॲप्लिकेशन डेटा' म्हणायचे, आणि लोकलवालं 'लोकल सेटिंग्ज'च्या आत असायचं. नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २ शोधणाऱ्यांनी हे लिहूनच ठेवावं, त्याचे सेव्ह तिथेच असतात.

आणखी काही नेहमीच्या जागा भराभर सांगतो. डॉक्युमेंट्समधलं 'माय गेम्स' (स्कायरिमचे सेव्ह तिथे). युजरच्या फोल्डरमधलं 'सेव्ह्ड गेम्स'. माइनक्राफ्ट जावा आवृत्तीची दुनिया ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये 'डॉट माइनक्राफ्ट'च्या आत 'सेव्ह्ज'मध्ये. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेले कित्येक गेम स्टीमच्याच फोल्डरात 'युजरडेटा'मध्ये लिहितात, जिथे गेमची नावं नसून नुसते आकडे असतात. आणि नव्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची फाइली इंटरनेटवर ठेवायची सोय) चालू असेल तर तुमचं डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या आत सरकलेलं असू शकतं. दोन डॉक्युमेंट्स दिसली तर गेम कुठलं वापरतो ते झेडझेडझेड सांगेलच.

नेऊन ठेवताना

आधी नव्या मशीनवरच्या त्या सेव्ह फोल्डरची एक कॉपी डेस्कटॉपवर. मग जुन्यातून फक्त सेव्ह उचला, सगळं फोल्डर नाही. हे मी जीटीए सॅन अँड्रियासवर शिकलो. त्याच्या युजर फाइल्समध्ये सेव्हच्या आठ फाइली असतात, शेवटी 'बी' एक्स्टेन्शन, आणि शेजारी 'जीटीए एसए डॉट सेट' नावाची सेटिंगची फाइल. ही सेट फाइल बरोबर आली की गेम कधीकधी सुरूच होत नाही. ती पुसायची, गेम स्वतः नवी बनवतो. सेव्हच्या फाइली प्रत्येकी साधारण २०० केबीच्या, सगळ्या एकाच मापाच्या. पहिल्या मिशनचा सेव्ह आणि शेवटच्या मिशनचा सेव्ह वजनावरून ओळखता येत नाही, तारीखच बघावी लागते. म्हणून 'मॉडिफाइड' तारखेवर विश्वास ठेवा, 'क्रिएटेड'वर नको. क्रिएटेड म्हणजे तुम्ही आज कॉपी केली ती वेळ.

फाइल सीडीवरून आणली असेल तर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'ची खूण आहे का पाहा, असेल तर काढा. नाहीतर गेम लोड होतो, पण पुढे सेव्ह होत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' कोणी चालू केलं असेल तर तेही डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही, तिथे गेमला परवानगी द्यावी लागते.

स्टीमवर क्लाउड, म्हणजे सेव्ह इंटरनेटवर ठेवायची सोय, असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन क्लाउड बंद करा. सेव्ह टाका, गेम उघडा, लोड होतोय याची खात्री करा. मग क्लाउड चालू करा. 'कुठली फाइल ठेवू, इथली की क्लाउडवरची?' असा प्रश्न आला तर तारखा वाचून उत्तर द्या. घाईत चुकीचं बटण दाबलं की कालचा झेडझेडझेड २००७ च्या सेव्हवर जाऊन बसतो.

आवृत्ती वेगळी असेल तर मात्र अपेक्षा जपून ठेवा. स्कायरिमचे २०११ चे सेव्ह २०१६ च्या स्पेशल एडिशनमध्ये चालतात. सॅन अँड्रियासचे जुने सेव्ह २०२१ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये चालत नाहीत, एज ऑफ एम्पायर्स २ चेही २०१९ च्या डेफिनिटिव्हमध्ये नाहीत.

फाइलच नसेल तर: रजिस्ट्री

ताईचं काम झालं होतं. पण डिस्क जोडलेलीच होती, आणि मला बाबांचा माइनस्वीपर आठवला. ऑफिसमधून आल्यावर चहा होईपर्यंत एक डाव. एक्सपीतला माइनस्वीपर विक्रमांसाठी फाइल बनवतच नाही, ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंगच्या साठ्यात, लिहितो. त्या काळचा पिनबॉलही तसाच. आणि जुनी रजिस्ट्री जुन्या डिस्कवरच असते, युजरच्या फोल्डरमध्ये 'एनटीयुजर डॉट डॅट' या फाइलमध्ये. तीही लपलेली असते. 'हिडन आयटम्स'वर खूण करूनही दिसली नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची खूण काढून पाहा.

त्या फाइलची एक कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा, कारण उघडताना विंडोज तिच्यात लिहितं. रेजएडिट (रजिस्ट्री बघायचा विंडोजचाच प्रोग्राम) ॲडमिन म्हणून उघडा, 'एचकी युजर्स'वर क्लिक करा, मग फाइल मेनूमध्ये 'लोड हाइव्ह'. ती कॉपी निवडा, नाव विचारेल, 'जुने' वगैरे काहीही इंग्रजी अक्षरांत द्या. मग त्याच्या आत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विनमाइन (माइनस्वीपरचं रजिस्ट्रीतलं नाव). नव्या मशीनवर न्यायचं असेल तर तेवढी किल्ली (रजिस्ट्रीतल्या फोल्डरला किल्ली म्हणतात) एक्सपोर्ट करा, नोटपॅडमध्ये उघडून 'एचकी युजर्स' आणि तुम्ही दिलेलं नाव यांच्या जागी 'एचकी करंट युजर' लिहा, फाइलवर डबल क्लिक करा. काम झालं की 'अनलोड हाइव्ह' विसरू नका. गेम स्वतः जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ मध्ये असतो, ती एकच फाइल उचलून आणली तरी नव्या विंडोजवर चालते.

विनमाइनच्या किल्लीत तीन नावं आणि तीन वेळा असतात: बिगिनर, इंटरमीडिएट, एक्सपर्ट. पहिल्या दोन्हींवर माझं नाव होतं. नेम३ समोर इंग्रजीत 'बाबा', आणि टाइम३ समोर कंसात १४२. मी एक्सपर्ट कधीच सोडवू शकलो नव्हतो. बाबांना फोटो पाठवला, तर त्यांचा उलट प्रश्न, "एकशे बेचाळीस? मला वाटतं एकदा एकशे तीसच्या आत आलो होतो. नीट बघ." २००५ च्या फॉरमॅटचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.